आईचं पासबुक त्याच्या हातात देऊ नकोस

एका वाचकाचं पत्र (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत):

"ताई, मी गोव्यातल्या साखळी गावाच्या बाजूचा. वय 28. औषधांच्या कंपनीत शिफ्टवर आहे, कापून हातात 24 हजार येतात. वडील वारले, घरी मी आणि आई. दीड वर्षापूर्वी मित्राने क्रिकेटवर सट्टा लावायची ऑनलाइन आयडी काढून दिली. आधी फक्त मॅचवर लावायचो, मग नाइट शिफ्ट संपल्यावर तीन पत्ती, रुलेट. सगळं मिळून 3 लाख 10 हजार गेले. एकदा 18 हजारांचा विड्रॉल मिळाला, तोही परत त्यातच गेला. नवा कायदा आल्यापासून पैसे भरणं कठीण झालं आहे. कार्ड चालत नाही, यूपीआय कधी जातं, कधी डिक्लाइन होतं. एजंट म्हणतो क्रिप्टो घे, त्यातून भर. नाहीतर एखादं बँक खातं दे, महिन्याला 7 हजार भाडं देतो, आयडी लोड करतो आणि तुझी 40 हजारांची उधारीही वळती करतो. माझं खातं गेल्या महिन्यात फ्रीज झालं, बँकवाले धड कारण सांगत नाहीत. म्हणून आईचं खातं देणार आहे. तिच्या खात्यावर सरकारच्या दयानंद योजनेचे पैसे येतात, बाकी काही नाही. रविवारी संध्याकाळी तो पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम न्यायला येईल. तुम्ही बँकेत होता म्हणून विचारतो: यातला कायद्यात बसणारा, सेफ मार्ग कुठला? पर्यटक मांडवी नदीत कॅसिनोच्या बोटीवर बसून लाखो लावतात. गोंयकाराने मोबाइलवर 500 रुपये लावले तर गुन्हा, हे कसं?"

मित्रा,

तुझं पत्र गुरुवारी रात्री मिळालं. सदर छापून यायला वेळ आहे आणि तो माणूस रविवारी यायचा आहे, म्हणून हे सगळं तुला आधी मेलने पाठवते आहे. तू हो म्हणालास तरच ते छापायला देईन.

सगळ्यात आधी हे वाच. नंतरचं नाही वाचलंस तरी चालेल. आईचं पासबुक, कार्ड, चेकबुक, सिम, यातली एकही वस्तू त्याला देऊ नकोस. दिली असशील तर आत्ता बँकेच्या कस्टमर केअरला फोन लाव, कार्ड ब्लॉक कर, त्या खात्याचं यूपीआय आणि नेटबँकिंग बंद करायला सांग. सिम गेलं असेल तर आईला घेऊन मोबाइल कंपनीच्या गॅलरीत जा आणि तो नंबर बंद करून तिच्याच नावावर नवं सिम घे.

आता तुझा प्रश्न. कायद्यात बसणारा मार्ग तू विचारलास. तसा मार्ग उरलेला नाही, आणि सेफ मार्ग तर त्याआधीही नव्हता. संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. 20 तारखेला लोकसभेत, 21 ला राज्यसभेत, 22 ला राष्ट्रपतींची सही. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ, मग तो नशिबाचा असो की कौशल्याचा, लोकांना पुरवायचाच नाही, असं त्यात स्पष्ट आहे. मोठमोठ्या देशी ॲपनी त्याच आठवड्यात पैशांचे खेळ बंद केले, तुला आठवत असेल. जे अजून चालू आहेत ते परदेशात बसून, वेगवेगळ्या नावांनी, एजंटांच्या जाळ्यातून चालतात.

नुसत्या खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. तो नाडला गेलेला माणूस आहे असं धरून त्याला बाहेर ठेवलं आहे. एजंटाने तुला नेमकं एवढंच सांगितलं असणार, "प्लेअरला काही होत नाही." पुढचं त्याने सांगितलं नसेल. अशा खेळासाठी पैशांची ने-आण करायची नाही, करू द्यायची नाही, त्याला हातभार लावायचा नाही, ही बंदी बँकांवर तर आहेच, शिवाय पैसे पोचवायला मदत करणाऱ्या इतर कुणाही व्यक्तीवर आहे. त्याची शिक्षा 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. म्हणजे आज तू खेळणारा आहेस. रविवारी पासबुक दिलंस की ती रेषा ओलांडलीस, आणि ओलांडलीस तीही आईच्या नावाने. खातं तिचं, सही तिची, फोटो तिचा. पोलीस आधी तिचं नाव वाचतील.

तू लिहितोस, तिच्या खात्यात "बाकी काही नाही". मला ते वाक्य फार लागलं. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे ते महिन्याचे पैसे म्हणजे त्या बाईचा गॅस, तिच्या प्रेशरच्या गोळ्या, चतुर्थीला माटोळीचं सामान. खातं गोठलं की ते पैसेही त्याच खात्यात अडकतात. रिकामं खातं म्हणून तू ते द्यायला निघालास, पण त्या खात्यात तिचा सगळा महिना आहे.

हा धंदा आतून कसा चालतो ते तुला नीट सांगते, कारण मला वाटतं तू ते रोज बघतोस पण त्याच्याकडे लक्ष दिलेलं नाहीस. रात्री 11 वाजता तू व्हॉट्सॲपवर लिहितोस, "2000 भरायचे आहेत." दोन मिनिटांत एक क्यूआर येतो. खाली सूचना असते, हा थोडाच वेळ चालेल, जुन्या क्यूआरवर पैसे टाकू नका. स्कॅन केलंस की वर एक नाव दिसतं. कधी कुठल्या तरी ट्रेडर्सचं, कधी मोबाइल दुकानाचं, कधी एखाद्या बाईचं. तू पैसे टाकतोस, स्क्रीनशॉट पाठवतोस, व्यवहाराचा यूटीआर नंबर लिहितोस, आयडीवर पॉइंट चढतात. दुसऱ्या दिवशी क्यूआर वेगळा, नाव वेगळं. ती बाई कोण, हे कधी मनात आलं? ती कोणाची तरी आई आहे. तिच्या मुलाने पासबुक, कार्ड आणि सिम एका रविवारी एजंटाच्या हातात दिलं होतं. क्यूआर रोज बदलावा लागतो, कारण कालचं खातं आज बंद पडलेलं असतं किंवा उद्या पडणार असतं. पुढच्या आठवड्यात कोणी मुलगा वास्कोत, नाहीतर नागपुरात, रात्री 11 वाजता स्कॅन करील आणि त्याच्या मोबाइलवर तुझ्या आईचं नाव दिसेल.

आणि याच भाड्याच्या खात्यांतून फक्त जुगाराचा पैसा फिरत नाही. बनावट पोलीस बनून व्हिडिओ कॉलवर म्हाताऱ्यांना धाक घालून उकळलेले पैसे, शेअर बाजाराच्या खोट्या ग्रुपमधून लुटलेले पैसे, नोकरीच्या नावाने घेतलेले पैसे, सगळे त्याच खात्यांतून पुढे ढकलतात. जिंकलेल्याला विड्रॉल द्यायचा तोही त्यातूनच. तुला मिळालेले 18 हजार कुठल्या कंपनीच्या खात्यातून आले होते का? स्टेटमेंट काढून बघ. अनोळखी माणसाच्या नावाने, बहुधा दोन-तीन तुकड्यांत आलेले असतील. त्या माणसाच्या खात्यात त्याआधी कोणाचे तरी लुटलेले पैसे आले असतील, ज्याचे लुटले त्याने सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, 1930 वर, तक्रार केली असेल, आणि पैशाचा माग काढत पोलीस पहिल्या खात्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर येत तुझ्यापर्यंत पोचले असतील. तुझं खातं गोठण्याचं मला दिसणारं सगळ्यात साधं कारण हेच आहे. हरलेल्या 3 लाखांनी नव्हे, तू जिंकलास त्या 18 हजारांनी तुला अडकवलं.

बँकेत मी 31 वर्षं काढली. शेवटची काही वर्षं फोंड्याला होते. निवृत्तीच्या आधीच्या वर्षी, जत्रांचा मोसम संपत आला असताना, एक खाजेवाले काका काउंटरवर आले. पिशवीतून पासबुक काढलं आणि पाठोपाठ हातगाड्यावरचा क्यूआर कोडचा स्टिकर, कोपरे उडालेला, गुळाचे डाग पडलेला. त्यांना वाटलं होतं स्टिकर खराब झाला म्हणून पैसे निघत नाहीत, नवा द्या. मी संगणकावर पाहिलं. खातं बंद होतं, दुसऱ्या एका राज्याच्या सायबर पोलिसांच्या पत्रावरून. कोणी तरी जत्रेत 120 रुपयांचं खाजं घेतलं होतं, आणि ज्या खात्यातून ते 120 आले त्या खात्यात फसवणुकीचा पैसा आला होता. एवढ्यासाठी त्यांचे मोसमभराचे 31 हजार अडकून पडले. "बाय, म्हजे पयशे खंय गेले?" असं त्यांनी तीनदा विचारलं. पैसे कुठेच गेले नव्हते. समोर स्क्रीनवर दिसत होते, फक्त त्यांना हात लावता येत नव्हता. मी त्यांच्या वतीने मेल लिहिले, कागद जोडले, फोन केले. सुटायला चार महिने लागले. तोवर बेसन आणि गूळ त्यांनी उधारीवर आणला. तो माणूस काडीचाही दोषी नव्हता, त्याच्याकडे विकलेल्या मालाचा पुरावा होता, तरी चार महिने लागले. ज्या खात्यात रात्रीत शंभर अनोळखी माणसांचे पैसे येऊन निघून गेले आहेत, ते खातं घेऊन तुझी आई काउंटरवर उभी राहिली तर तिथल्या बाईने काय सांगावं, ते मला सुचत नाही.

आता तुझे बाकीचे "मार्ग". कार्ड का चालत नाही? प्रत्येक दुकानाला कार्डाच्या व्यवहारात धंद्याचा एक कोड असतो. जुगाराचा कोड 7995. बँकेला तो दिसला की व्यवहार अडतो. काही साइट स्वतःला कपड्यांचं दुकान किंवा सॉफ्टवेअर विकणारी कंपनी म्हणून दाखवतात, म्हणून एखादा व्यवहार निसटतो. पण तिथे तू तुझा कार्ड नंबर आणि ओटीपी, आपलं खरं नावही न सांगणाऱ्या माणसाला दिलेला असतोस. शिवाय पैसा देशाबाहेर गेला तर परकीय चलनाचा कायदा लागतो. लॉटरीची तिकिटं, फुटबॉल पूल, स्वीपस्टेक यांच्यासाठी परदेशात पैसे पाठवायला 2000 सालच्या नियमांनीच मनाई केली आहे, आणि उल्लंघन झालं तर रकमेच्या तिप्पट दंड होऊ शकतो. ही काही कालची गोष्ट नव्हे.

क्रिप्टोबद्दल एजंटाने सांगितलं असेल की त्यात नाव येत नाही. येतं. तू यूएसडीटी, म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेली क्रिप्टो, घेणार कोणाकडून? पी टू पी वर, म्हणजे थेट कोणा अनोळखी माणसाकडून. त्याला रुपये देणार यूपीआयने किंवा बँकेतून, तुझ्या नावावरूनच. आणि जिंकलास तर परत विकताना दुसऱ्या अनोळखी माणसाचे रुपये तुझ्या खात्यात येणार. ते रुपये कुठून आले, हे तुला कळायचा काही मार्ग नाही. पी टू पी वर क्रिप्टो विकून खाती गोठलेली तरुण मुलं मी नोकरीच्या शेवटच्या वर्षांत काउंटरवर पाहिली आहेत, आणि प्रत्येकाचं वाक्य एकच, "मॅडम, मी तर फक्त विकलं." वर 2022 पासून क्रिप्टोच्या नफ्यावर 30 टक्के कर आहे, विकताना 1 टक्का टीडीएस आहे, आणि तोटा झाला तर तो कशातूनही वजा होत नाही. जुगारात हरायचं ते हरायचंच, वर हे.

रोख देऊन लोड करून घेण्याबद्दल फार लिहीत नाही. पावती नाही, हिशोब त्याच्या वहीत, आणि त्यातूनच तुझी 40 हजारांची उधारी तयार झाली.

त्या उधारीचं एक ऐक. 1872 च्या करार कायद्याचं कलम 30 सांगतं की पैजेचा करार शून्य आहे. पैजेत जिंकलेले पैसे कोर्टात दावा लावून वसूल करता येत नाहीत. एजंट तुझ्यावर केस करील ही भीती मनातून काढून टाक. तू त्याला चेक किंवा सही केलेला कागद दिला असशील तर मात्र वकिलाला दाखव, आणि यापुढे कशावरही सही करू नकोस. खरी भीती कोर्टाची नसते, दारात येऊन उभा राहणाऱ्याची असते, हे मला माहीत आहे. त्याने धमकी दिली तर ती खंडणी आहे. मेसेज जपून ठेव आणि डिचोलीच्या पोलीस ठाण्यात जा, किंवा रायबंदरच्या सायबर क्राइम ठाण्यात. "मी पण खेळलो आहे, मग पोलिसांत कसा जाऊ" या विचारावरच अशा माणसांचं पोट चालतं.

मांडवीतल्या बोटींबद्दल तू जे लिहिलंस त्यात राग आहे, आणि तो मला समजतो. पणजीला संध्याकाळी बेतीच्या फेरीबोटीतून उतरताना ते दिवे डोळ्यांत भरतात. आपल्याच नदीत, आपल्याच मुलांना वेटर म्हणून उभं करून बाहेरचे लोक खेळतात, हे कोणाला बोचणार नाही? गोव्याचा जुगारविरोधी कायदा 1976 चा. 1992 मध्ये त्यात दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत मशीन आली, 1996 मध्ये जहाजांवर जुगाराला वाट मिळाली. गोंयकारांना तिथे खेळायला बंदी 1 फेब्रुवारी 2020 पासून अमलात आली. कॅसिनो मांडवीत असावेत की नसावेत, यावर माझं मत ठाम आहे, नसावेत. पण ही बंदी तुझा अपमान म्हणून आलेली नाही. ती आली कारण पगाराच्या दिवशी बोटीवर जाणारे आणि रिकाम्या हाताने पहिल्या बसने घरी येणारे लोक आपल्याच वाड्यांवरचे होते, आणि घरातल्या बायका वर्षानुवर्षं त्याबद्दल ओरडत होत्या. पर्यटक दोन रात्री हरतो आणि विमानाने घरी जातो. तू घरीच आहेस. बोट तुझ्या उशाखाली आहे, आणि ती पहाटे 4 वाजताही बंद होत नाही.

माझा थोरला भाऊ मटका खेळायचा. मी लहान होते. शर्ट धुताना खिशात आकड्यांच्या चिठ्ठ्या सापडायच्या, आई काही न बोलता त्या चुलीत टाकायची. त्या काळी एक गोष्ट चांगली होती: खिसा रिकामा झाला की खेळ थांबायचा. मटकेवाला उधार देत नसे, गाडा रात्री बंद व्हायचा. दादाला थांबायला निदान रात्र मिळायची. तुला तीही मिळत नाही. म्हणून तुझ्या मोबाइलवर "डिक्लाइन" असं लाल अक्षरांत येतं ना, तेव्हा चिडू नकोस. दीड वर्षात पहिल्यांदा कोणीतरी तुझा हात धरला आहे. तू तो सोडवायला क्रिप्टो शोधतोस, एजंट शोधतोस, आईचं पासबुक शोधतोस. तुझ्या पत्रात हरलेल्या 3 लाखांपेक्षा मला याचीच जास्त भीती वाटली. जिंकायचं कसं, हे तू विचारलंच नाहीस. फक्त पैसे भरायचे कसे, एवढंच विचारलंस.

ही अवस्था म्हणजे तुझा स्वभाव वाईट किंवा तू बेजबाबदार, असं अजिबात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराचा विकार आहे. गेलेले पैसे परत मिळवण्यासाठी पुन्हा लावणं, लपवणं, घरच्यांच्या पैशांना हात घालणं, या त्याच्या खुणा आहेत, आणि त्यावर उपचार होतात. बांबोळीला मानसोपचार संस्था आहे, आपल्याकडे सगळे आयपीएचबी म्हणतात. तिथे ओपीडीत जा. "तिथे गेलो तर लोक काय म्हणतील" असं मनात येईल. तिथे झोप येत नाही म्हणून येणारे, दारू सोडायला येणारे, बाळंतपणानंतर मन खचलेल्या मुली, सगळे रांगेत बसलेले असतात, कोणी कोणाकडे बघत नाही. तोपर्यंत रात्री हात मोबाइलकडे वळला तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लाव. मोफत आहे आणि रात्रीही कोणीतरी उचलतं. हरल्यावर जिवाचं काही करून घ्यावंसं वाटलं असेल किंवा वाटलं तर एक मिनिटही एकटा राहू नकोस. आईला उठव आणि मग हा नंबर लाव.

उपचार चालू होतील तेव्हा होतील. मधल्या दिवसांसाठी पैशाची वाट अवघड करून ठेव. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार बंद करायचं बटण असतं, ते बंद कर. यूपीआयची रोजची मर्यादा शाखेत सांगून अगदी कमी करून घे, इतकी की बस, चहा आणि पेट्रोल भागेल. ऑटोपेच्या यादीत काही मंजुरी अडकली असेल तर ती रद्द कर. एजंटाचा नंबर ब्लॉक कर, पण चॅट पुसू नकोस. ते उद्या तुझ्या कामाला येतील. पगार काही महिने आईच्या हाती जाऊ दे, तिच्या खात्यात, तिच्या कार्डावर, आणि पिन तिला एकटीलाच माहीत असू दे. 28 वर्षांच्या मुलाला हे लाजिरवाणं वाटेल. तरी कर.

तुझ्या गोठलेल्या खात्याबद्दल. बँकवाले कारण सांगत नाहीत, कारण तू तोंडी विचारलंस. लेखी अर्ज दे आणि पोच घे. त्यात एवढं विचार: कोणत्या पोलीस ठाण्याच्या पत्रावरून, तक्रारीचा क्रमांक काय, किती रकमेवर होल्ड आहे, आणि पूर्ण खातं बंद आहे की फक्त तेवढी रक्कम. पोलिसांना हा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 106 खाली आहे, पण कोणाच्या आदेशावरून आणि कितीसाठी, हे विचारायचा हक्क तुला आहे. उत्तर मिळालं की तपास अधिकाऱ्याला लिही, स्टेटमेंट जोड, ती रक्कम कशी आली ते खरंखरं सांग. वादातली रक्कम सोडून बाकीचं खातं मोकळं करा अशी मागणी कर. पगार येतो त्या खात्याबाबत ही मागणी रास्त आहे. ते मानलं नाही तर कोर्टात अर्ज करता येतो. लिहिण्याआधी मात्र वकिलाला एकदा दाखव. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, फोन 15100. कमी उत्पन्नावर तुला मदत मिळू शकते की नाही ते तिथे कळेल. स्त्रीला मिळकत न बघता मोफत वकील मिळतो, म्हणजे उद्या आईवर काही बालंट आलं तर तिच्यासाठी तो रस्ता आहे. "दहा हजार द्या, खातं सोडवून देतो" म्हणणारे लोक तुला भेटतील. ते त्याच एजंटांचे भाऊबंद असतात. त्यांना एक पैसा देऊ नकोस.

राहिली आई. तिला सांगावं लागेल, आणि रविवारच्या आधी. तिला शांतपणे सांग, पण खोटा आकडा सांगू नकोस. "3 लाख 10 हजार गेले, 40 हजार उधारी आहे, माझं खातं बंद आहे, आणि मी तुझं खातं द्यायला निघालो होतो." हे शेवटचं वाक्य गाळू नकोस. ती रडेल, कदाचित ओरडेल, दोन दिवस बोलणार नाही. विधवा बाईने एकटीने मुलगा वाढवलेला असतो तेव्हा तिला काहीच कळलेलं नसतं असं समजू नकोस. रात्री दाराच्या फटीतून मोबाइलचा उजेड तिने दीड वर्ष पाहिला आहे.

सोमवारी दहाला तिला घेऊन तिच्या शाखेत जा. कार्डाचा पिन तिच्याकडून बदलून घे, मोबाइल नंबर तिचाच जोडलेला आहे ना ते तपास, आणि खात्यात काही अनोळखी जमा नाही ना ते पासबुकात छापून घे. रविवारी तो आला तर आत बोलावू नकोस. दारातच सांग, "खातं मिळणार नाही." कारण विचारलं तरी दुसरं काही बोलू नकोस. आणि सोमवारी शाखेतून बाहेर पडलास की मला दोन ओळी मेल कर, मी वाट बघते आहे.

तुझी,
ताई